बुधवारचं एरंडेल

"डॉक्टर, माणसाचं ऑइल किती दिवसांनी बदलावं?"

कर्णिकसाहेबांनी हे चेष्टेने विचारलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण चेष्टा हा प्रकार त्यांच्याकडे स्टॉकमध्येच नव्हता. ते आमच्या कंपनीचे वर्क्स मॅनेजर. जर्मनीत ट्रेनिंग घेऊन आलेले. इतरांच्या टेबलामागे गणपती नाहीतर लक्ष्मीचं कॅलेंडर असायचं, त्यांच्या टेबलामागे मशीनच्या सर्व्हिसिंगचा तक्ता होता. तारखा त्या तक्त्यावरूनच बघायचे.

आणि मी कंपनीची मेडिकल ऑफिसर. चिंचवडचा गिअर बनवायचा कारखाना, सत्तरच्या दशकाची अखेर. गेटमधून आत आलं की सायकलस्टँड आणि त्याला लागून माझा दवाखाना. दोन खोल्या, एक कॉट, एक वजनकाटा आणि तुपेनाना नावाचे कंपाउंडर. नाना मूळ चिंचवड गावातले. कारखाने आले तेव्हा त्यांच्या शेताची एमआयडीसी झाली आणि त्यांचा कंपाउंडर. बाई डॉक्टर म्हणजे बाळंतपणं करणारी, असं तेव्हा सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. मी दिवसभर पुरुषांची बोटं शिवत होते आणि डोळ्यांतले लोखंडाचे कण काढत होते, तरी नव्या भरतीतला एखादा दारातूनच विचारायचा, "डॉक्टर नाहीत का?"

"माणसाला ऑइल नसतं, साहेब," मी म्हटलं.

"पोट तर असतं?" त्यांनी एक आलेख माझ्यापुढे सरकवला. "रजेच्या कारणांत पोट पहिलं. पोट दुखतं, पोट बिघडलं, पोट धरलं. याचा अर्थ काय? लाइन चोक होते. मग चोक व्हायच्या आधीच फ्लश करायची. प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स."

प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स म्हणजे मशीन बिघडायची वाट न बघता ते आधीच उघडून साफसूफ करणं. मशीनसाठी उत्तम गोष्ट आहे. पण पोटाचा नंबर पहिला का लागतो, हे कंपनीत साहेब सोडून सगळ्यांना माहीत होतं. ताप थर्मामीटरने कळतो, मोडलेला हात दिसतो, पण पोटदुखी कोणाच्या बापाला मोजता येत नाही. म्हणून चुलतभावाचं लग्न, गावची जत्रा, ज्वारीची काढणी हे सगळं पोटातच दुखायचं. लग्नसराईत तर साथच यायची. मी हे साहेबांना सांगितलं.

ते म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही वर्करवर फार अविश्वास दाखवता."

आठवडाभरात सर्क्युलर निघालं. महिन्याच्या पहिल्या बुधवारी, शिफ्ट सुटताना, गेटवर प्रत्येक कामगाराने कंपनीतर्फे एरंडेल प्यायचं. बुधवारच का, तर आमच्या पट्ट्यात वीजमंडळाच्या सोयीने गुरुवारची सुट्टी असायची. म्हणजे जे काही व्हायचं ते गुरुवारी, स्वतःच्या वेळात, स्वतःच्या घरी. प्रॉडक्शनला धक्का नाही. सर्क्युलरखाली माझी सही नव्हती. मी तणतणत वर गेले तर साहेब शांतपणे म्हणाले, "तुमची सही कशाला? मेडिकल म्हणजे ब्रेकडाउन. हे मेंटेनन्स आहे."

तुपेनाना धावत आले तेव्हा मला पुढचं कळलं. एरंडेल विकत आणायची गरजच नव्हती. स्टोअरमध्ये पिंपं भरून होतं, मशीनला लागायचं म्हणून. त्यातलंच एक पिंप हातगाडीवर घालून गेटकडे निघालं होतं. मी त्या हातगाडीपुढे उभी राहिले. साहेबांना सांगितलं, "माणसाला औषधी ग्रेड लागतो. हा ग्रेड वेगळा आहे."

"ग्रेड वेगळा?" साहेब एकदम गंभीर झाले. "मग आधी नाही का सांगायचं? चुकीच्या ग्रेडने सगळं खराब होतं." पिंप परत गेलं. त्या प्रकरणातला माझा तो पहिला विजय. दुसरा यायला बराच वेळ लागला.

बुधवारी गेटवर टेबल मांडलं गेलं. टाइमकीपरच्या खिडकीशेजारी नाना मापाचा ग्लास घेऊन उभे. एरंडेल प्यायल्याशिवाय कार्ड पंच नाही आणि कार्ड पंच केल्याशिवाय घर नाही. पर्मनंट कामगार आमच्याहून हुशार. घोट गालात धरायचे, एका हाताने कार्ड पंच करायचे, दुसऱ्या हाताने साहेबांना नमस्कार करायचे आणि गेटबाहेरच्या बोगनवेलीपाशी तोंड रिकामं करायचे. काहीजण चक्क बाटली घेऊन यायचे, "घरी निवांत पितो, नाना" म्हणायचे आणि बायकोला डोक्याला लावायला द्यायचे.

"बाई," नाना मला म्हणाले, "मान्सांचं ठावं न्हाई, पर बोगनवेलीचा कोठा पार साफ व्हनार बगा."

मी युनियनच्या सेक्रेटरीला गाठलं. सायकरभाऊ म्हणत त्याला. कँटीनच्या चहात पाणी जास्त पडलं तरी गेटसभा घेणारा माणूस. मला वाटलं, हा आता टेबल उलथवणार.

"भाऊ, हे बंद करायला लावा. जुलाब हा काही खुराक नव्हे."

त्याने माझ्याकडे करुणेने पाहिलं. "बाई, तुम्ही डॉक्टरकीत हुशार. पण 'बंद करा' ही डिमांड नाही होत. डिमांडमध्ये कामगाराला काहीतरी मिळालं पाहिजे."

"जुलाब मिळतोय की."

"तो मिळतोय, पण कोणाच्या वेळात? गुरुवार आमच्या सुट्टीचा. त्या दिवशी कंपनीचं काम आम्ही घरी बसून करतो."

मला कळायला जरा वेळ लागला. मग कळलं. वाटाघाटी झाल्या, चहा झाला, दोन वेळा वॉकआउट झाला आणि करार झाला. एरंडेल पिणाऱ्या प्रत्येक पर्मनंट कामगाराला पुढच्या गुरुवारचा अर्ध्या दिवसाचा ओव्हरटाइम आणि घोटावर लिंबू सरबत. गुलाल उधळायचाच काय तो बाकी राहिला. आता योजना कोणालाच नकोशी राहिली नाही. साहेबांना आलेख मिळाला, युनियनला विजय, कामगारांना न केलेल्या जुलाबाचा ओव्हरटाइम. एकट्या मला तिच्यात काही मिळालं नाही, म्हणून मी खडूस ठरले.

हे असंच चालू राहिलं असतं तर मी सोडून दिलं असतं. लोक पीतच नव्हते तर नुकसान कोणाचं? पण एकजण पीत होता.

किसन जाधव. मूळचा बीडकडचा, हीट ट्रीटमेंटमध्ये टेम्पररी. हीट ट्रीटमेंट म्हणजे भट्टी. गिअर लाल होईपर्यंत तापवायचे, तेलात बुडवायचे, पुन्हा तापवायचे. दहा मिनिटांत बनियन पिळून काढावा लागतो. काळेवाडीत पत्र्याच्या खोलीत बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन राहायचा. टेम्पररी माणसाला कंपनी ठरावीक मुदत भरत आली की ब्रेक द्यायची, म्हणजे घरी पाठवायची. ब्रेक मिळाला की मागची नोकरी पुसली गेली, पुन्हा श्रीगणेशा. किसनने असे ब्रेक आधी दोन कंपन्यांत खाल्ले होते. या खेपेला मुदत पूर्ण होत आली होती आणि पर्मनंटच्या यादीत घ्यायचं की ब्रेक द्यायचा, हे कर्णिकसाहेब ठरवणार होते.

तो दवाखान्यात आला तो पट्टा आवळत. पँट कमरेवर राहत नव्हती. जीभ पांढरी, डोळे खोल गेलेले. वजनकाट्यावर उभा केला तर नाना मला न विचारता काटा पुन्हा शून्यावर आणून बघायला लागले.

"जुलाब कधीपासून?"

"लई दिस झाले, बाई. थांबतच न्हाईत. भाकर खाल्ली की तशीच जायली."

"बुधवारचं एरंडेल पितोस?"

"पितो की," तो अभिमानाने म्हणाला. "इमानदारीनं पितो. बाकीचे थुकत्यात. म्या नाही थुकत. सायबानं बघितलं ते. म्हनले, नाव काय तुझं? आता मला दर बुधवारी देत्यात."

"दर बुधवारी?"

"सोता वतून देत्यात. बाई, एवढ्या टेम्परवारीत सायबाला माझं एकट्याचंच नाव ठाव हाय."

मी नानांकडे बघितलं. नाना छताकडे बघत होते. प्रकार असा झाला होता की किसनचं पोट एकदा बिघडलं, त्याने खाडा केला नाही पण सुपरवायझरला सांगितलं. ते साहेबांपर्यंत गेलं. साहेबांनी निदान केलं की महिन्याला एक फ्लश या लाइनला पुरत नाही. म्हणून आठवड्याला एक. त्याने पोट आणखी बिघडलं, मग डोस वाढवला. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हाच.

इथे मला थोडं आतड्याबद्दल सांगावं लागेल. कंटाळा करू नका, पुढचं सगळं त्यावर आहे.

लहान आतड्याचं आतलं अस्तर अवघ्या एका पेशीच्या जाडीचं असतं. एका बाजूला आपण खाल्लेलं सगळं, जंतू आणि घाण यांच्यासकट. दुसऱ्या बाजूला आपलं रक्त. मध्ये पेशींची एकच रांग. आता रांग म्हटली की दोघांच्या मध्ये फट आली. त्या फटीतून नको ते आत शिरू नये म्हणून या पेशी प्रथिनं तयार करतात आणि शेजारच्या पेशीच्या प्रथिनांशी ती अडकवून वरच्या कडेला शिवण घालतात. प्रेशर कुकरच्या झाकणाला रबरी रिंग असते ना, काम तेच. फरक एवढाच की ही रिंग जिवंत आहे. पाणी-क्षार हवे तेवढे जाऊ देते, जंतूंना आणि मोठ्या कणांना अडवते. त्या काळी मोठ्या मायक्रोस्कोपच्या फोटोंत शिवणीच्या जागी फक्त काळी रेघ दिसायची. शिवण घालणाऱ्या प्रथिनांना ऑक्लुडिन, क्लॉडिन अशी नावं पुढे बऱ्याच वर्षांनी मिळाली. पण शिवण असते आणि ती उसवते, एवढं आम्हाला माहीत होतं. एरंडेलाने पेशी दुखावतात आणि शिवण सैल पडते, असं वाचनातही आलं होतं. एखाद्या वेळी प्यायलं तर बिघडत नाही, कारण हे अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं. पण नवं अस्तर धरतं न धरतं तोच वरून पुन्हा एरंडेल ओतलं, तर शिवण घालणार कोण आणि कधी? त्यात अन्न अंगी लागत नाही, म्हणजे नवी प्रथिनं करायला माल नाही.

किसनला मी म्हटलं, "आजपासून एरंडेल बंद. महिनाभर विश्रांती. मी सिक लीव्ह लिहून देते."

तो कॉटवरून उतरून उभाच राहिला. "बाई, पाया पडतो, लीव्ह नका लिहू. लीव्ह म्हंजी ब्रेकच. पोरीला घेऊन गावाकडं कुठल्या तोंडानं जाऊ?"

त्याचं खरं होतं. टेम्पररीला आजारपणाची रजा म्हणजे घराची वाट. रजा घेतली तर नोकरी गेली आणि रजा नाही घेतली तर तो भट्टीपुढे आडवा होणार.

"बरं, मग प्यायल्यासारखं कर आणि थुंकून टाक. सगळे टाकतात."

"सायेब म्होरं उभे राहायलेत, बाई. आन त्यांनी इश्वास टाकलाय."

ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं. मी सायकरभाऊंकडे गेले. तो म्हणाला, "टेम्पररी आमच्यात येत नाहीत, बाई. पर्मनंट झाला की पाठवा, मग बघा कसा लढतो त्याच्यासाठी." उरले साहेब.

"साहेब, आतडं म्हणजे नुसता पाइप नाही. त्याला आतून अस्तर आहे आणि अस्तराच्या जोडांना पॅकिंग आहे."

पॅकिंग म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "मटेरियल?"

"प्रथिनं."

"सप्लायर कोण?"

"पेशी स्वतःच करतात."

"इन-हाउस!" त्यांचा चेहरा उजळला. "आणि रिप्लेसमेंट?"

"चार-पाच दिवसांत अख्खं अस्तर नवं."

"चालू लाइनवर? शटडाउन न घेता?" ते खिडकीतून टूलरूमकडे तिरस्काराने बघायला लागले. "आमच्याकडे एक बुश बदलायला पंधरवडा घेतात."

मला वाटलं, पोचलं. मी म्हटलं, "तर किसनचं ते पॅकिंग सैल झालंय. आत लीक आहे. तुमच्या एरंडेलाने ते आणखी सैल होतंय."

साहेबांनी विचार केला. मनापासून केला, ते मी नाकारत नाही. मग म्हणाले, "लीक असेल तर आधी लाइन पूर्ण साफ हवी. घाण असताना नवं पॅकिंग बसत नाही, हा बेसिक नियम आहे. डोस कमी करू नका. शिवाय तो रिस्पॉन्स देतोय. बाकीचे तर काहीच रिस्पॉन्स देत नाहीत."

मी वर जाताना जेवढी आशा नेली होती ती सगळी वरच टाकून जिना उतरले. त्या दिवशी मला मनापासून राग आला होता. साहेबांचा आला तेवढाच किसनचाही आला. इतकं शहाण्यासारखं कशाला वागावं माणसाने?

पुढच्या शुक्रवारी मला बोलावणं आलं. पर्मनंटची यादी तयार होत होती आणि मेडिकल फिटनेस माझ्याकडून हवा होता.

"जाधवला अनफिट लिहा," साहेब म्हणाले. आवाजात दुःख होतं. "प्रामाणिक मुलगा. पण वजन बघा. भट्टीवर चक्कर आली तर जबाबदार कोण? आपण त्याच्यावर किती मेंटेनन्स केला, तरी उपयोग झाला नाही. मूळ मालच कच्चा."

त्याला आजारी आम्ही पाडलं आणि आता आजारी म्हणून घालवणारही आम्हीच. मी फिट लिहिलं तर तो सोमवारी भट्टीपुढे उभा, अनफिट लिहिलं तर काळेवाडीची खोली खाली. मी म्हटलं, "दोन दिवस द्या," आणि बाहेर पडले.

दवाखान्याकडे न जाता मी शॉपमधून निघाले. कशाला ते सांगता येणार नाही, बहुतेक साहेबांच्या नावाने बोटं मोडायला मोकळी जागा हवी होती. गिअर कटिंगच्या रांगेत एक मोठं जर्मन मशीन बंद उभं होतं. अंगावर स्वच्छ ताडपत्री. शेजारी स्टुलावर फिटर. हँडलला लाल टॅग: 'दुरुस्तीखाली. चालवू नये.' खाली साहेबांची सही.

मी तशीच वळले, परत वर गेले आणि साहेबांना हाताला धरून म्हणावं तसं खाली आणलं.

"हे मशीन भंगारात का नाही काढत?" मी विचारलं.

साहेब दचकले. "भंगारात? डॉक्टर, काय बोलताय? एक नंबर मशीन आहे. फक्त सील गेलंय. ऑइल लीक होतंय."

"मग उभं का? चालवा की. प्रॉडक्शन बुडतंय."

"सील गेलेलं असताना? सगळं आतून खलास होईल."

"कधीपासून उभं आहे?"

"असू दे. सील येईपर्यंत उभं राहील. लागतील तेवढे दिवस."

"म्हणजे कंपनीच्या हिशोबातून गेलं?"

"कसं जाईल? मशीन आपलंच आहे. दुरुस्तीखाली आहे, इतकंच."

"आणि सील नवं बसेपर्यंत यात दर बुधवारी भरपूर ऑइल ओतलं तर?"

"कोण गाढव असं..." साहेब बोलता बोलता थांबले.

फिटरने मान खाली घातली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांनी मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता.

"जाधवचं सील गेलंय?" त्यांनी हळू विचारलं.

"गेल्या आठवड्यात मी तेच सांगत होते."

"तुम्ही पॅकिंग म्हणालात. पॅकिंग वेगळं, सील वेगळं." मग टॅगकडे बघत, "आणि मी स्वतः ओतलं."

त्यांना वाईट वाटलेलं मला पहिल्यांदाच दिसत होतं आणि ते वाया जाऊ द्यायचं नव्हतं.

"काय लागेल?" त्यांनी विचारलं.

"एरंडेल बंद. भट्टी बंद. मऊ भात, मुगाचं वरण, ताक, सोसेल तसं अंडं. पेशींना प्रथिनं करायला माल लागतो. आणि सर्व्हिस तुटता कामा नये. रजा लिहिली तर तुमचं पर्सोनेल खातं ब्रेक देणार."

"रजा कशाला?" साहेब म्हणाले. "दुरुस्तीखाली मशीन रजेवर असतं का?"

त्यांनी तिथल्या तिथे फिटरकडून कोरा लाल टॅग मागितला.

सोमवारी किसन हीट ट्रीटमेंटमधून निघून मेंटेनन्स खात्यावर आला. कामगार म्हणून नाही. काम म्हणून. हजेरी रोजची, काम काही नाही. दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसायचं आणि ऑफिसर्स कँटीनमधून येईल ते खायचं. टॅग भिंतीला लावावा असं मी सुचवलं. साहेब म्हणाले, "टॅग मशीनला लागतो, भिंतीला नाही." म्हणून किसनच्या शर्टाच्या गुंडीला तो टॅग लागला. 'दुरुस्तीखाली. चालवू नये.' मला त्याची फार लाज वाटली. जिवंत माणसाच्या छातीवर असली पाटी लटकवायला कुठला कायदा आणि कुठली डॉक्टरकी सांगते? मी ती काढायला हात पुढे केला तर किसन मागे सरकला.

"राहू द्या, बाई. लई कामाची हाय. मघाशी सुपरवायझर 'ए जाधव' म्हनत आला, टॅग वाचला न् मागच्या पावली गेला."

साहेब रोज यायचे. दारात उभे राहून विचारायचे, "सील कसं आहे?" मी म्हणायचे, "बसतंय." मग ते ताटात वाकून मुगाच्या वरणाची घनता तपासायचे आणि जायचे. एकदा वरण पातळ आलं म्हणून त्यांनी कँटीनला मेमो काढला. तुपेनाना म्हणाले, "बाई, आमच्या बाळतीनीला बी कुनी येवडं जपलं न्हाई." तिसऱ्या दिवशी सायकरभाऊ डिमांड घेऊन हजर. युनियनच्या प्रत्येक सभासदाला वर्षातून एकदा लाल टॅग मिळाला पाहिजे. ती फेटाळली गेली आणि त्याबद्दल गेटसभा झाली. भाषणात सायकरभाऊंनी माझा उल्लेख 'मालकधार्जिणी बाई' असा केला.

आठवड्याभरात किसनचे जुलाब आटोक्यात आले. मग भूक लागायला लागली. मग एक दिवस त्याने कँटीनच्या पोऱ्याला सांगितलं, वरणात मिरची घाल. तेव्हा मी निश्चिंत झाले. आम्ही फार काही केलं नव्हतं. आतड्याला त्याचं काम येतं. आम्ही फक्त ओतायचं थांबवलं होतं. वजन चढलं, पट्ट्याची भोकं मागे गेली. साहेबांनी त्याची भट्टीवर अर्ध्या शिफ्टची ट्रायल रन घेतली, स्टॉपवॉच लावून. तो उभा राहिला. मी फिट लिहिलं. सर्व्हिस सलग होती, कारण दुरुस्तीखालच्या मालाला ब्रेक देता येतो असा नियमच पर्सोनेलला सापडला नाही. किसन पर्मनंट झाला.

एरंडेलाची योजना मात्र माझ्यामुळे बंद पडली असं कोणी समजू नये. ती पुढे कित्येक महिने चालली. शेवटी ऑडिटवाल्याने विचारलं की गुरुवारी कारखाना बंद असताना एवढा ओव्हरटाइम कशाचा. उत्तर कागदावर लिहायला कोणी तयार होईना. बुधवारचं टेबल एका रात्रीत गायब झालं. कर्णिकसाहेबांनी पुढे मॅनेजर लोकांच्या एका परिषदेत 'मानवी प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स' यावर भाषण दिलं. यशस्वी उदाहरण म्हणून किसनचं नाव सांगितलं. एरंडेलाचा उल्लेख ओझरता होता. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या.

पर्मनंटची ऑर्डर हातात पडली त्या दिवशी किसन पेढे घेऊन दवाखान्यात आला. बायको, मुलगी बरोबर. टॅग अजून गुंडीला होता. नानांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "आता तरी काड की रं त्यो बिल्ला."

किसन टॅगला हात लावून माझ्याकडे बघत राहिला. "काढू का, बाई? का असू द्यू? आता मला मानसात धरत्यात का मशीनीतच?"

एवढी वर्षं मी त्या कंपनीत काढली होती. खोटं कशाला सांगू?

"असू दे," मी म्हटलं. "माणसांचा इथे खाडा लावतात."